डांबरात टाकाऊ प्लास्टिक: टक्केवारी विचारण्याआधी ठरवायच्या गोष्टी

एका प्रयोग करणाऱ्याने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पातळ पॉलिथिन पिशव्यांचे तुकडे व्हीजी-30 या प्रतीच्या रस्त्याच्या डांबरात वजनाच्या 5 टक्के मिसळले आणि 170 अंश सेल्सिअसला साध्या स्टररने तासभर ढवळले. सॉफ्टनिंग पॉइंट, म्हणजे डांबर मऊ पडायचं तापमान, 49 वरून 61 अंशांवर गेला, पेनिट्रेशन (सुई डांबरात किती रुतते ते) खाली आलं. डबा रात्रभर गरम ओव्हनमध्ये ठेवला, तर सकाळी वर जाड, चिवट साय धरलेली. मग चुकलं कुठे? प्लास्टिक नेमकं किती टक्के घालायचं? बाटल्यांचं प्लास्टिक चालेल का? आणि एसबीएसच्या, म्हणजे डांबरात घालतात त्या रबरासारख्या पॉलिमरच्या, जागी हे वापरून त्याला पॉलिमर मॉडिफाइड बिटुमेन (पीएमबी) म्हणता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. नाही, एसबीएसची जागा पिशव्यांचं पॉलिथिन घेत नाही. दोघांचं काम वेगळं आहे. पॉलिथिन डांबराला ताठ करतं. एसबीएस त्याला ताठही करतं आणि लवचीकही ठेवतं, म्हणजे दाब सुटला की डांबर मागे येतं. सॉफ्टनिंग पॉइंटच्या चाचणीत हा फरक दिसतच नाही. म्हणून टाकाऊ प्लास्टिकवरच्या बऱ्याच अहवालांत सॉफ्टनिंग पॉइंट मोठ्या अभिमानाने छापलेला असतो आणि इलॅस्टिक रिकव्हरीचा (ताणून सोडल्यावर डांबर किती मागे येतं त्याचा) रकाना रिकामा असतो.

आधी त्या सायीचं बघू. तुमचं मिश्रण करताना काही चुकलं असं नाही, ते तसंच होणार होतं. पॉलिथिन 110 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे 170 ला ते डांबरात ‘विरघळलं’ असं वाटतं. प्रत्यक्षात ते विरघळत नाही. पॉलिथिनची साखळी लांब, अध्रुवी (विद्युतभाराची टोकं नसलेली) आणि स्फटिक बनवण्याची सवय असलेली, तर डांबरातले अ‍ॅस्फाल्टीन आणि रेझिन हे घटक ध्रुवीय. डांबरातली हलकी तेलं थोडीफार त्या प्लास्टिकमध्ये शिरतात, ते किंचित फुगतं, बस्स. वितळलेल्या प्लास्टिकचे थेंब गरम डांबरात तरंगत राहतात. ढवळणं थांबलं की थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि वर चढतात.

किती वेगाने चढतात, हे कागदावर काढता येतं. थंड असताना डांबराची घनता साधारण 1.03, पॉलिथिनची 0.92. गरम झाल्यावर हा फरक आणखी वाढतो, कारण वितळताना पॉलिथिन जास्त प्रसरण पावतं. 160 अंशांच्या आसपास डांबराची व्हिस्कॉसिटी (वाहण्याला होणारा विरोध) 0.2 पास्कल-सेकंद धरा आणि थेंबाचा व्यास 100 मायक्रॉन. द्रवात थेंब किती वेगाने सरकतो हे सांगणाऱ्या स्टोक्सच्या सूत्राने तो थेंब तासाला एक ते दीड सेंटिमीटर वर सरकतो. रात्रभरात अख्खा डबा पार. साध्या स्टररने थेंब याहून फारसे बारीक होत नाहीत. थेंब 10 मायक्रॉनचा केला तर वेग शंभरपट कमी होतो, कारण वेग त्रिज्येच्या वर्गावर ठरतो. म्हणूनच हाय शिअर मिल, म्हणजे जोरात घासून थेंब बारीक करणारं यंत्र, लागते. पण नुसत्या मिलनेही भागत नाही. बारीक केलेले थेंब पुन्हा एकत्र येतातच, त्यांना रोखणारं काही त्यांच्या पृष्ठभागावर नसेल तर.

यासाठी ठरलेली चाचणी आहे आणि तुम्ही न ठरवता तीच केलीत. अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या नळीत मिश्रण भरायचं, 163 अंशांना 48 तास ठेवायचं, मग गोठवून नळीचे तीन भाग करायचे आणि वरच्या व खालच्या भागाचा सॉफ्टनिंग पॉइंट वेगवेगळा काढायचा. युरोपीय पद्धतीत 180 अंश आणि 72 तास, म्हणजे आणखी कडक. चांगल्या पीएमबीत हा फरक तीन-पाच अंशांच्या आत राहतो. नुसत्या पिशव्या मिसळलेल्या डांबरात तो सहज तीस-चाळीस अंशांवर जातो. वरचा भाग जवळजवळ प्लास्टिक, खालचा जवळजवळ मूळ डांबर. टँकरमध्ये हेच झालं तर पहिल्या फेरीच्या मालात एक आणि शेवटच्या फेरीच्या मालात दुसरंच बाइंडर (खडी बांधून धरणारं डांबर) जातं. रस्त्याचा अर्धा भाग ताठ, अर्धा साधा, आणि कोणता कुठला हे कुणालाच माहीत नाही.

एसबीएस असं का वागत नाही? त्याच्या साखळीची दोन टोकं पॉलिस्टायरिनची, मधला भाग पॉलिब्युटाडाइनचा. मधला भाग डांबरातली तेलं पिऊन स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक पट फुगतो. टोकं एकमेकांना चिकटून गाठी बनवतात. 180 अंशांना या गाठी सुटतात, त्यामुळे माल पंप करता येतो, आणि रस्त्यावर थंड झाल्या की पुन्हा बसतात. जाळं तयार होतं ते असं. फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या प्रकाशात फुगलेलं पॉलिमर पिवळट चमकतं. 3 टक्क्यांना काळ्या पार्श्वभूमीवर पिवळे ठिपके दिसतात. टक्केवारी वाढवत गेलात की ठिपके जोडले जातात आणि 6-7 टक्क्यांच्या सुमाराला चित्र उलटतं: पिवळ्या पार्श्वभूमीवर काळे ठिपके. आता पॉलिमरचं जाळं सलग आहे आणि डांबर त्यात अडकलंय. हेच सूक्ष्मदर्शक तुमच्या पॉलिथिनच्या नमुन्यावर लावा. कितीही टक्के घाला, जाळं दिसत नाही, सुटे थेंबच दिसतात. ज्याला दोन्ही चित्रं शेजारी शेजारी पाहायला मिळाली त्याला पुढचं सगळं समजावून सांगावं लागत नाही.

एसबीएसमध्ये आणखी एक सोय आहे. मधल्या भागात दुहेरी बंध असतात, त्यामुळे चिमूटभर गंधक टाकलं की साखळ्या रासायनिक बंधाने जोडल्या जातात आणि साठवणीचा प्रश्न बराचसा सुटतो. पॉलिथिनमध्ये दुहेरी बंध जवळजवळ नाहीतच. तिथे गंधक टाकून काही होत नाही, वास मात्र भरपूर येतो. हा प्रयोग बरेचजण करतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

मग ओल्या पद्धतीने, म्हणजे डांबरातच, टाकाऊ प्लास्टिक वापरता येतच नाही का? येतं, पण रसायनाची साथ घेऊन. मलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिथिन थोड्या प्रमाणात घातलं तर ते थेंबाच्या पृष्ठभागावर बसतं आणि थेंबांना एकत्र येऊ देत नाही. ग्लायसिडिल मेथाक्रिलेट असलेले टरपॉलिमर (तीन घटकांचे पॉलिमर) तर अ‍ॅस्फाल्टीनशी प्रत्यक्ष रासायनिक बंध जोडतात. त्यांचं प्रमाण 1 ते 2 टक्केच लागतं, सोबत उत्प्रेरक म्हणून पॉलिफॉस्फोरिक आम्ल अगदी थोडं. जास्त झालं तर टाकीत जेल होतं आणि मग टाकी छिन्नीने साफ करावी लागते. तिसरा मार्ग म्हणजे प्लास्टिकसोबत टायरचा चुरा. रबराचा चुरा खाली बसतो, कारण त्याची घनता 1.15 च्या आसपास, आणि प्लास्टिक वर तरंगतं. हे दोन दोष एकमेकांना फेडून टाकतात असं सांगणारे भेटतात. तसं होत नाही. दोन्ही आपापल्या दिशेनेच जातात. या जोडीचा खरा फायदा लवचीकपणात आहे: प्लास्टिक ताठपणा देतं, रबर थोडी परतफेड देतं. साठवण टाकीत ढवळणी मात्र चालूच ठेवावी लागते.

रबराचा विषय निघालाच आहे तर एवढंच सांगतो. टायरचा चुरा डांबरात शिजवायची पद्धत अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात चार्ल्स मॅकडॉनल्ड यांनी 1960 च्या दशकात रुळवली. 15 ते 20 टक्के चुरा, 180-190 अंश, पाऊण ते एक तास. रबर वितळत नाही, तेल पिऊन फुगतं. साठ वर्षांचा अनुभव पाठीशी असलेलं हे तंत्र आहे. ज्यांना ‘टाकाऊ वस्तूतून लवचीक बाइंडर’ हवं आहे त्यांनी पिशव्यांपेक्षा टायरकडे आधी बघावं.

आता पिशव्यांचं खरं घर कुठे, त्याकडे येतो: कोरड्या पद्धतीत. यात प्लास्टिक डांबरात जातच नाही, गरम खडीवर जातं. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी ही पद्धत घडवली. 2002 मध्ये महाविद्यालयाच्या आवारात पहिला रस्ता झाला आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इंडियन रोड्स काँग्रेसने 2013 मध्ये आयआरसी एसपी 98 ही मार्गदर्शिका काढली. तीत प्लास्टिकचं प्रमाण डांबराच्या वजनाच्या 6 ते 8 टक्के दिलं होतं. प्रक्रिया साधी आहे. खडी 165-170 अंशांना तापवायची, बारीक केलेलं प्लास्टिक त्यावर सोडायचं, अर्धं-पाऊण मिनिट कोरडंच फिरवायचं, म्हणजे खडीला चकचकीत पातळ थर चढतो. मग नेहमीसारखं डांबर.

ही युक्ती चालते, कारण साठवणीचा प्रश्नच उरत नाही. प्लास्टिक वितळल्यापासून रोलरखाली जाईपर्यंत काही तास जातात, आणि तो सगळा वेळ ते खडीला चिकटलेलं असतं. वर तरंगायला जागाच नाही. शिवाय पॉलिथिन पाणी धरत नाही. खडीच्या पृष्ठभागावरची बारीक छिद्रं भरली जातात, पाणी शोषण कमी होतं, आणि डांबराला प्लास्टिकचा पृष्ठभाग ओल्या सिलिकाच्या खडीपेक्षा जास्त मानवतो. पाण्याने खडी सुटी पडण्याचा दोष ज्या खडीत आहे, तिथे फायदा ठळक दिसतो. चांगल्या बेसॉल्टवर किंवा चुनखडीवर तो कमी दिसतो, कारण तिथे मुळात दोषच कमी.

आता ‘किती टक्के’. 6 ते 8 टक्के ही चौकट ठीक आहे, पण एक गोष्ट विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका: हे प्लास्टिक डांबराच्या जागी की डांबरावर जादा? समजा मिश्रणात 5.5 टक्के बाइंडर हवं आहे आणि 8 टक्के प्लास्टिक म्हणून तेवढं डांबर कमी केलं. कागदावर बचत झाली. पण खडीवर बसलेला प्लास्टिकचा थर डांबरासारखा वाहत नाही, पोकळ्या भरत नाही. डांबराचा पापुद्रा पातळ झाला आणि पातळ पापुद्रा लवकर वृद्ध होतो. दुसऱ्या टोकाला, डांबर तेवढंच ठेवून प्लास्टिक जादा घातलं तर हवेच्या पोकळ्या 3 टक्क्यांच्या खाली जाऊ शकतात. म्हणून मिश्रणाची रचना प्लास्टिकसकट नव्याने करा. प्लास्टिकची घनता डांबरापेक्षा दहा टक्क्यांनी कमी, त्यामुळे मिश्रणाची कमाल सैद्धांतिक घनताही बदलते. जुना आकडा वापरलात तर पोकळ्यांचं गणित तिथेच चुकतं. माझा कल पूर्ण बदल न करता निम्म्या प्रमाणात डांबर कमी करून सुरुवात करण्याकडे असतो, आणि पुढे पोकळ्या काय सांगतात ते बघतो.

‘एका किलोमीटरला एक टन प्लास्टिक’ हा आकडा सगळीकडे फिरतो. तो कुठून येतो हे बघणं बरं. 3.75 मीटर रुंदीची एक लेन, 25 मिलिमीटर जाडीचा थर, घनता 2.35: किलोमीटरला सुमारे 220 टन माल. त्यात 5.5 टक्के म्हणजे 12 टन बाइंडर. त्याचे 8 टक्के म्हणजे जेमतेम एक टन. आकडा खोटा नाही, पण हे पातळ वरच्या थराचं गणित आहे. थर 40 मिलिमीटरचा झाला की दीड टनाच्या पुढे. आणि किलोमीटरला एक टन हे प्रमाण लक्षात घेतलं की हेही कळतं की रस्ते हा सगळ्या प्लास्टिक कचऱ्यावरचा उपाय नाही. जे पॉलिथिन स्वच्छ आणि एकजात आहे त्याचे पुन्हा दाणे करून पिशवी किंवा पाइप करणं हाच त्याचा चांगला उपयोग. रस्त्यासाठी ते घ्यावं जे तिथे खपत नाही, पण इथे चालतं. ही पट्टी अरुंद आहे.

त्या पट्टीत काय बसतं? कमी घनतेचं पॉलिथिन सगळ्यात सोपं, 105 ते 115 अंशांना वितळतं. जास्त घनतेचं 125 ते 135 ला. पॉलिप्रोपिलीन 160 ते 165 ला, म्हणजे खडीचं तापमान जरा कमी पडलं की ते अर्धवट राहतं आणि थर चढण्याऐवजी तुकडे राहतात. फेसाळ पॉलिस्टायरिन मऊ होतं, पण थंड झाल्यावर ठिसूळ, आणि तापवताना त्याच्या वाफा नकोशा. थोडं आलं तर घाबरायचं कारण नाही, मुद्दाम घालू नका.

बाटल्यांचं पेट 250 अंशांच्या पुढे वितळतं. आपण 170 च्या आसपास आहोत. तिथे ते वितळत नाही, कडक चिप्ससारखं राहतं. बारीक करून घातलं तर ते बाइंडर नाही, बारीक खडीच्या जागचा एक घटक आहे, आणि तसंच मोजायला हवं. पेटचं रासायनिक विघटन करून, म्हणजे अमाइन किंवा ग्लायकॉलशी अभिक्रिया करून, चिकटपणा वाढवणारी द्रव्यं बनवता येतात. तो कारखान्यातला उद्योग झाला, हॉट मिक्स प्लांटवरचा नाही. तशीही बाटल्यांना पुनर्वापराच्या बाजारात चांगली मागणी असते. त्या रस्त्यात गाडायचं कारण मला दिसत नाही.

पीव्हीसी अजिबात नको. तापलं की हायड्रोजन क्लोराइड सोडतं. ते फुप्फुसालाही वाईट आणि प्लांटच्या लोखंडालाही. गठ्ठ्यात पीव्हीसी आहे का हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पाण्यात टाका: पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलीन तरंगतात, पीव्हीसी आणि पेट बुडतात. बुडालेल्यांसाठी तांब्याची तार. तार ज्योतीत लाल करायची, तुकड्याला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे. धूर ज्या दिशेला जातो त्या बाजूला उभे राहू नका आणि बंद खोलीत करू नका. तरंगण्याच्या चाचणीत एक फट आहे: भरपूर चुनखडीची पूड घातलेलं पॉलिथिन बुडतं. म्हणून बुडालं ते सगळंच वाईट असं नाही, पण तरंगलं ते बहुतेक कामाचं.

चकचकीत बहुस्तरीय पाकिटांबद्दल नेहमी विचारतात. त्यात पॉलिथिन असतं, पेट असतं, अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असतो, कधी नायलॉनही. मूठभर पॉलिथिन बाकीच्यांना खडीला चिकटवून नेतं. थोड्या प्रमाणात, नीट बारीक करून, बाकी पॉलिथिनमध्ये मिसळून ते खपून जातं. नुसत्या पाकिटांवर रस्ता करायला मी सांगणार नाही.

वितळबिंदू जुळला म्हणजे झालं असंही नाही. 190 अंश आणि 2.16 किलो वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम प्लास्टिक नळीतून वाहतं तो मेल्ट फ्लो इंडेक्स. फिल्मच्या पिशवीचं पॉलिथिन आणि साच्यात ओतलेल्या झाकणाचं पॉलिथिन यांच्यात हा आकडा दहापट-वीसपट वेगळा असतो. इंडेक्स फार कमी असेल तर प्लास्टिक खडीवर पसरतच नाही, गोळे होतात. आज पिशव्या, उद्या डबे, परवा दोन्ही, असा माल येत असेल तर प्रयोगशाळेत केलेल्या रचनेला काही अर्थ उरत नाही. ओल्या पद्धतीत रसायन महत्त्वाचं, कोरड्या पद्धतीत पुरवठादार. गठ्ठा कुठून आला, वाळवला का, माती किती आहे हे विचारा. 2013 च्या त्या मार्गदर्शिकेत माती-कचरा 1 टक्क्याच्या आत आणि तुकडे 2.36 मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारे असावेत असं म्हटलं होतं. अनेक ठिकाणी हातभर लांब पट्ट्या फावड्याने फेकताना दिसतात. त्यांचे गोळे पेव्हरच्या (थर अंथरणाऱ्या यंत्राच्या) स्क्रीडखाली, म्हणजे थर सपाट करणाऱ्या पट्टीखाली, अडकतात आणि गरम थरावर लांबच लांब ओरखडा ओढत नेतात. तो ओरखडा रोलरने बुजत नाही.

प्लांटवरच्या अडचणी पुस्तकात कमी आणि प्रत्यक्षात जास्त. तुकडे हलके असतात. बॅच मिक्स प्लांटमध्ये ते पगमिलच्या (माल मिसळणाऱ्या भांड्याच्या) तोंडाशी सोडले आणि धूळ ओढणारा पंखा जोरात असला, तर बराचसा माल खडीवर न जाता धूळ पकडणाऱ्या पिशव्यांकडे जातो. तिथे तो वितळून कापडाला लिंपला की पिशव्या बाद. पंख्याचा दाब कमी करा, किंवा तुकड्यांचे दाणे करून वापरा. ड्रम मिक्स प्लांटमध्ये प्लास्टिक ज्योतीच्या बाजूने कधीच सोडायचं नाही, मधल्या कॉलरमधून सोडायचं. नाहीतर वितळण्याऐवजी जळतं. धुराला प्लास्टिकचा उग्र वास आला की समजायचं, तापमान किंवा जागा चुकली आहे. खडी 180 च्या वर नेऊ नका. दमट हवेत फीडरमध्ये तुकडे एकमेकांना चिकटून कमान धरतात, पट्टा रिकामा फिरतो आणि ऑपरेटरला पत्ता नसतो. वजन मोजणारा फीडर नसेल तर ही पद्धत वापरूच नये, हे माझं मत.

साईटवर वेळ कमी मिळतो. डांबर थंड होताना हळूहळू घट्ट होतं. पॉलिथिन मात्र 100-110 अंशांच्या आसपास गोठायला लागतं, तिथे मिश्रण एकदम ताठर होतं. म्हणून पहिला रोलर पेव्हरच्या मागे चिकटून हवा आणि मुख्य दाबणी 120 च्या वर संपायला हवी. लांबच्या वाहतुकीला, पातळ थराला आणि गार वाऱ्याला हे मिश्रण माफ करत नाही.

एवढं सगळं नीट केलं तर मिळतं काय? रटिंगला, म्हणजे चाकांखाली चर पडण्याला, विरोध, हे निर्विवाद. व्हील ट्रॅकिंग चाचणीत खोलवा लक्षणीय कमी होतो. मार्शल स्टॅबिलिटी (नमुना मोडेपर्यंत पेलतो तो भार) वाढते, पण त्या आकड्यावर भाळू नका. तो 60 अंशांवरचा ताठपणा आहे, आणि ताठ पदार्थ घातल्यावर तो वाढणारच. बाइंडरवर डायनॅमिक शिअर र्‍हिओमीटरने एमएससीआर चाचणी (भार पुन्हा पुन्हा द्यायचा आणि सोडायचा) करा. 3.2 किलोपास्कलला कायमची विकृती, म्हणजे जेएनआर, पॉलिथिननेही झकास कमी होते. पण रिकव्हरीचे टक्के एसबीएसच्या जवळपासही जात नाहीत.

आणि इथेच रस्ता निवडायचा प्रश्न येतो. ताठ थर भक्कम पायावर बसला तर भार पसरवतो, खालच्या थरांना विश्रांती देतो. तोच ताठ पण पातळ थर लवणाऱ्या, कमकुवत पायावर टाकलात तर प्रत्येक चाकासोबत वाकतो आणि भेगा धरतो. आधी चाकाच्या पट्ट्यात बारीक उभ्या भेगा, मग मगरीच्या पाठीसारखं जाळं. गावातल्या छोट्या रस्त्यांचा पाया बहुधा असाच असतो, आणि प्लास्टिकचे रस्ते सगळ्यात आधी नेमके तिथेच केले जातात, कारण तिथे धोका कमी वाटतो. मी उलटं करीन. उष्ण हवा, जड वाहनं, संथ गती, सिग्नलपाशी थांबणं, बसथांबे, चढ, आणि खाली भक्कम पाया: अशा जागी पॉलिथिन चोख काम करतं. जिथे तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, तिथे ताठ बाइंडर थंडीच्या भेगांना निमंत्रण देतं. तिथे एसबीएसला पर्याय शोधू नका.

सूक्ष्म प्लास्टिकबद्दल प्रामाणिक उत्तर असं: रस्त्यावरून झिजून निघणाऱ्या कणांत टायरच्या कणांचा वाटा मोठा आहे, आणि डांबरात गुंतलेलं प्लास्टिक सुट्या पिशवीसारखं वाऱ्यावर उडत नाही. पण खडीला नीट न चिकटलेले, अर्धवट वितळलेले तुकडे पृष्ठभागावर असतील तर ते नक्की सुटतात. जुना थर मिलिंग मशीनने खरवडताना उडणारी धूळही लक्षात घ्यावी लागेल. दोन्हींवर उपाय एकच, पूर्ण वितळणं. खरवडलेला माल पुन्हा वापरता येतो, फक्त त्यात पीव्हीसी नव्हतं याची नोंद मागे असायला हवी.

तुमच्या पुढच्या फेरीसाठी: पिशव्यांचं मिश्रण टाकीत साठवायचा विचार सोडा, किंवा सुसंगतता देणारं पॉलिमर घालून आणि हाय शिअर मिल वापरून पुन्हा नळीची चाचणी करा. कोरड्या पद्धतीने 4, 6 आणि 8 टक्क्यांचे नमुने करा, प्रत्येकाच्या पोकळ्या नव्याने काढा, पाण्यात भिजवून आणि न भिजवता ताणशक्तीचं गुणोत्तर घ्या. ते 80 टक्क्यांच्या खाली असेल तर पुढे जाऊ नका. व्हील ट्रॅकिंगसोबत फटीगची (वारंवारच्या भाराने भेगा पडण्याची) चाचणीही हवीच, एकटी व्हील ट्रॅकिंग पुरेशी नाही.

आणि तपासणीत एक फास आहे, तो आधीच माहीत असू द्या. रस्त्यावरून आणलेल्या नमुन्यात बाइंडर किती हे ट्रायक्लोरोइथिलीनने धुऊन काढलंत, तर डांबर विरघळतं पण पॉलिथिन थंड द्रावणात विरघळत नाही. ते खडीबरोबर आणि फिल्टरवर राहतं. बाइंडर कमी भरतं आणि ठेकेदाराने डांबर चोरलं असा निष्कर्ष निघतो. उलट 538 अंशांच्या इग्निशन भट्टीत प्लास्टिकही जळून जातं आणि सगळं बाइंडर म्हणूनच मोजलं जातं. 5.5 टक्के बाइंडरमध्ये 8 टक्के प्लास्टिक म्हणजे मिश्रणाच्या 0.44 टक्के. नेहमीची सहनमर्यादा ±0.3 टक्के. म्हणजे एकच नमुना एका पद्धतीत नापास आणि दुसरीत पास होऊ शकतो. कोणती पद्धत वापरायची हे काम सुरू होण्याआधी लेखी ठरवा आणि फीडरच्या वजनाची रोजची नोंद नमुन्याच्या क्रमांकासोबत ठेवा.